चांदीची पेटी आणि उपाशी माणूस

आजचं वचन : मार्क १४:३-९ । निर्गम ३२:१-२४ । निर्गम ३६:२-७



जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांचं दर्शन घ्यायचं तर मान वर करावी लागते. खाली १६९८ साली उभारलेलं संगमरवरी स्मारक आहे, फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोज्जिनी यांनी घडवलेलं. त्याच्या माथ्यावर चांदीची पेटी. ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. संतांच्या आयुष्यातले प्रसंग तिच्यावर उठावाच्या कामात आहेत.

आणि हा संत वारला कुठे? चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्सियन बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजी, एका साध्या झोपडीत. ना चांदी, ना संगमरवर.

मग मनात येतंच ना, की इतकी चांदी कशाला? तेवढ्यात कितीतरी उपाशी पोटं भरली असती. हा प्रश्न विचारणारा माणूस नास्तिक असतो असं मुळीच नाही. बेथानीत शिमोनाच्या घरी जेवायला बसलेल्यांनीही हाच प्रश्न विचारला होता. एका स्त्रीनं महागड्या सुगंधी तेलाची कुपी फोडून प्रभूच्या मस्तकावर ओतली, तेव्हा त्यांनी लगेच हिशेब मांडला : तीनशे दिनारांपेक्षा जास्त किमतीचा माल!

येशूनं त्या स्त्रीची बाजू घेतली. पण गरिबांचा विषय त्यानं बंद केला नाही. ते कायम तुमच्याजवळ आहेत, मनात येईल तेव्हा त्यांचं भलं करू शकता, असं त्यानं त्यांना ऐकवलं. म्हणजे चर्चमधल्या चांदीकडे बोट दाखवणाऱ्यालाही तो विचारतो, तू स्वतः कधी सुरुवात करणार?

तरी प्रश्न उरतोच. देवासाठी वापरलेलं सोनं पवित्र कधी होतं आणि मूर्तिपूजा कधी?

निर्गमाच्या पुस्तकात एकाच रानातले, एकच लोक दोनदा सोनं देतात. पहिल्यांदा कानातले दागिने काढून देतात आणि त्यातून वासरू तयार होतं. मोशे जाब विचारतो तेव्हा अहरोन काय सांगतो? मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! हत्यारानं आकार दिला त्यानेच, पण आपले हात तो कबूल करत नाही.

दुसऱ्यांदा तेच लोक निवासमंडपासाठी दागिने आणतात. तिथं काम करणारा बसालेल नावानिशी बोलावला जातो. देवानं त्याला आपल्या आत्म्यानं भरलंय, आणि ते कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ, लाकूड आणि रत्नांचं काम करण्यासाठी! हाताचं कसब हेसुद्धा आत्म्याचं दान आहे, हे आपण किती सहज विसरतो.

आणि मग एक वेगळीच गोष्ट घडते. कारागीर काम सोडून मोशेकडे येतात आणि सांगतात, लोक गरजेपेक्षा जास्त आणताहेत. मोशे छावणीभर निरोप फिरवतो, आता पुरे, कुणी काही आणू नका. आपल्या फेस्ताच्या वर्गणीत हे वाक्य कधी ऐकलंय का?

मला वाटतं, कसोटी इथंच आहे. वासराला पुरे कधीच होत नाही. खऱ्या अर्पणाला "बस" म्हणता येतं, आणि वेळ आली की ते मोडताही येतं. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी युद्धात पकडलेल्यांना सोडवायला चर्चची पवित्र पात्रं वितळवली. टीका झाली, पण ते ठाम राहिले. बेथानीच्या स्त्रीनंही कुपी फोडली, स्वतःसाठी थेंबभर मागे ठेवलं नाही. दोघांनीही मौल्यवान वस्तू धरून ठेवली नाही. जो चषक भुकेल्या माणसासाठी कधीच वितळणार नाही, तो सोन्याचा असो की साधा, त्याचं वासरू झालेलं असतं.

गोव्याच्या पेटीकडे पुन्हा पाहू. ती घडवून घेण्यात पुढाकार होता येशूसंघीय धर्मगुरू मार्सेलो मास्त्रिली यांचा. चांदी संतासाठी ठेवून ते स्वतः जपानला गेले आणि १६३७ च्या ऑक्टोबरमध्ये नागासाकीत रक्तसाक्षी झाले. आणि ते सोनार? त्यांची नावं आपल्या ओठांवर नाहीत. खाली उभ्या भाविकाला ते बारीक प्रसंग नीट दिसतही नाहीत. तरी त्यांनी ते मन लावून घडवले. चांदी त्यांच्या मालकीची नव्हती, त्यांनी दिले ते हात, डोळे आणि दिवस.

म्हणून गरीब की कला, हा सामना मला थोडा खोटा वाटतो. मूर्ती घडवणारा, क्रूस कोरणारा, चषकाला झळाळी देणारा माणूस बऱ्याचदा हातावर पोट असलेलाच असतो. देवाच्या मूर्तीसाठी घासाघीस करून त्याची मजुरी पाडायची आणि वर गरिबांची काळजी बोलून दाखवायची, हे कसं चालेल? पोटभर मजुरी हाही त्या अर्पणाचाच भाग आहे.

आजचा संकल्प : तुमच्या पॅरिशमध्ये नवी मूर्ती किंवा वेदी होत असेल, तर दोनच प्रश्न प्रेमानं विचारा. कारागिराला पुरेसे पैसे मिळाले का? आणि आपण "पुरे" कुठे म्हणणार? मग घरी येऊन हाच दुसरा प्रश्न स्वतःच्या ऑनलाइन शॉपिंगलाही विचारा.

प्रार्थना : प्रभो, बसालेलला दिलास तो आत्मा आमच्या हातांनाही दे. जे घडवू ते तुझ्यासाठी घडवू दे, आणि तू भुकेला होऊन दारात आलास तर ते मोडायचं धैर्यही दे. आमेन.