सौदा परत घेणे हेही पुण्यकर्म



नमाज, रोजा, जकात यांविषयी विचारणा करण्यासाठी लोक मशिदीत येतात. वुजू कशाने तुटतो, सफरमध्ये किती रकअत अदा कराव्यात, हे प्रश्न इमामासाठी रोजचेच आहेत. परंतु ‘मी एक वस्तू विकली, तो सौदा अल्लाहपाशी योग्य ठरेल का?’ असे विचारणारा माणूस वर्षातून एखादाच भेटतो. जणू दीन मशिदीच्या दाराशी संपतो आणि बाजार त्याच्या पलीकडे सुरू होतो.

दिव्य कुरआनची शिकवण अशी नाही. त्यातील 83व्या सूरहचे नावच मुळी ‘अल-मुतफ्फिफीन’, म्हणजे मापात खोट करणारे, असे आहे. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे लोक, त्यांच्या विनाशाच्या इशाऱ्यानेच ती सूरह सुरू होते. हजरत शुऐब (अलै.) यांना मदयनवासीयांकडे पाठविण्यात आले, तेव्हा त्यांनी एका अल्लाहच्या उपासनेचे आवाहन केले आणि त्याच दमात माप व तराजू पूर्ण ठेवण्याचा आदेश दिला. ज्या दीनमध्ये तौहीदच्या शेजारी तराजू ठेवला आहे, त्या दीनच्या अनुयायाने आपल्या तराजूविषयी निष्काळजी कसे राहावे?

आजचा तराजू बहुधा खिशातल्या मोबाईलमध्ये असतो. घरातील जुना फोन, दुचाकी, शिलाई मशीन किंवा लॅपटॉप यांची छायाचित्रे काढावीत, दोन ओळी लिहाव्यात आणि पुढच्या दोन दिवसांत कधीही न भेटलेल्या माणसाने पैसे पाठवावेत, हे आता नित्याचे झाले आहे. मग एखाद्या दिवशी निरोप येतो : ‘वस्तूत दोष आहे, परत घ्या.’ अशा वेळी मोमिनने काय करावे? हा प्रश्न मी केवळ किताबांत शिकलो असे नाही. तो माझ्यावरच गुदरला होता, आणि पहिल्या फेरीत मी नापास झालो होतो. आपल्यासमोर ते कबूल करण्यात मला संकोच वाटतो. परंतु त्यातून कोणाला बोध होणार असेल तर तो संकोच बाजूला ठेवला पाहिजे.

मराठीची पदवी घेत असताना वापरलेला एक लॅपटॉप मी इंटरनेटवरून 14,500 रुपयांना विकला. घेणारे गृहस्थ बीड जिल्ह्यातील होते, शिवणकाम करीत. मुलाला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला होता, त्याच्यासाठी त्यांना तो हवा होता. ते मुसलमान नव्हते. मी जाहिरातीत ‘उत्तम स्थितीत’ असे लिहिले होते. वस्तुस्थिती अशी की, तासभर काम केल्यावर तो लॅपटॉप तापत असे आणि आपोआप बंद पडत असे. उन्हाळ्यात तर मी त्याच्याखाली वही ठेवून आणि पंख्याखाली बसूनच काम करीत असे. हे मी त्यांना सांगितले नाही. मनाची समजूत घातली की, जुनी वस्तू म्हटली की एवढे चालायचेच. शिवाय त्यांनी विचारले कुठे?

पार्सल पोहोचल्यावर चौथ्या दिवशी, मगरिब आणि इशाच्या दरम्यान, त्यांचा निरोप आला. मी उत्तर पाठविले : ‘वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही.’ थोड्या वेळाने त्यांचे एकच वाक्य आले : ‘मौलाना साहेब, तुमचा टोपीतला फोटो बघून मी जास्त चौकशी केली नव्हती.’

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मकतबच्या मुलांना एक हदीस शिकवायची होती. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की, पावसाने धान्य भिजले. त्यावर प्रेषित (स.) यांनी विचारले की, ते भिजलेले धान्य लोकांना दिसावे म्हणून वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नसल्याचे स्पष्ट केले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि मी ती अनेकदा शिकविली आहे. त्या सकाळी मात्र मुलांना अर्थ सांगताना माझी जीभ अडखळली. पावसाचा दोष त्या विक्रेत्याचा नव्हता, हे ध्यानात घ्या. ओल येणे हा गुन्हा नव्हता. ओल खाली आणि कोरडे धान्य वर, हा गुन्हा होता. माझा लॅपटॉप तापत होता, यात माझा अपराध नव्हता. ‘उत्तम स्थितीत’ हे दोन शब्द म्हणजे मी वर पसरलेले कोरडे धान्य होते.

वाचकहो, अशा प्रसंगी प्रथम स्वतःला एकच प्रश्न विचारावा : दोष कोठे होता आणि तो मला ठाऊक होता का? त्याच्या उत्तरावरून चार अवस्था संभवतात.

पहिली अवस्था : दोष आधीपासून होता, विकणाऱ्याला ठाऊक होता आणि त्याने तो लपविला. येथे चर्चेला जागाच नाही. दोष असलेली वस्तू तो उघड केल्याविना विकणे हलाल नाही, हे हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. ग्राहकाने न विचारणे ही विक्रेत्यासाठी सबब होऊ शकत नाही, कारण सांगण्याची जबाबदारी जाणणाऱ्यावर असते. ‘परतावा नाही’ असे जाहिरातीत आधी लिहून ठेवल्यानेही हा गुनाह धुतला जात नाही. ग्राहकाने मागताच वस्तू परत घ्यावी, पूर्ण रक्कम द्यावी आणि तौबा करावी. ग्राहक कोणत्या धर्माचा आहे, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. ज्याला फसविले तो परलोकात हक्क मागणार.

दुसरी अवस्था : दोष आधीपासून होता, परंतु विक्रेत्याला खरोखर ठाऊक नव्हता. येथे गुनाह नाही. पण ग्राहकाचा अधिकार शिल्लक राहतो. फिकहमध्ये त्याला ‘खियार-ए-ऐब’, म्हणजे दोषामुळे सौदा रद्द करण्याचा अधिकार, म्हणतात. ‘जशी आहे तशी घ्या, कोणत्याही दोषाची जबाबदारी माझी नाही’ ही अट ग्राहकाने मान्य केली असेल, तर हनफी मतानुसार तो अधिकार उरत नाही. आपल्या कोकणातील बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांच्या मतानुसार अशा वस्तूंच्या बाबतीत ही सरसकट अट पुरेशी ठरत नाही. म्हणून अटीच्या भिंतीआड बसण्यापेक्षा आपल्या आलिमांना विचारावे. मात्र जाणूनबुजून लपविलेल्या दोषावर अशी अट पांघरूण घालू शकत नाही.

तिसरी अवस्था : दोष ग्राहकाकडे गेल्यावर उत्पन्न झाला. लॅपटॉप हातातून पडला, कळफलकावर चहा सांडला. ही जबाबदारी ग्राहकाची आहे आणि नकार देण्याचा विक्रेत्याला अधिकार आहे. तरी तो सौम्य शब्दांत द्यावा. विकताना, खरेदी करताना आणि आपला हक्क मागतानाही नरमाईने वागणाऱ्या माणसासाठी प्रेषित (स.) यांनी अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे, असे सहीह बुखारीत आहे.

चौथी अवस्था : वस्तूत काहीच दोष नाही, केवळ ग्राहकाचे मन बदलले आहे किंवा त्याची अडचण उभी राहिली आहे. वस्तू परत घेणे येथे विक्रेत्यावर बंधनकारक नाही, आणि म्हणूनच ते पुण्य आहे. शरीअतमध्ये याला ‘इकाला’ म्हणतात. पस्तावलेल्या बांधवाचा सौदा जो परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह कियामतच्या दिवशी माफ करील, अशा आशयाची हदीस हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून अबू दाऊद आणि इब्ने माजा यांनी नोंदविली आहे. विचार करा, त्या दिवशी आपण प्रत्येक जण आपले आयुष्य परत घेण्याची विनवणी करीत उभे असू. आज कोणी आपल्यासमोर तशीच विनवणी करीत असेल, तर ही केवढी संधी आहे! एक बाब मात्र ध्यानी ठेवावी : इकाला मूळ किमतीलाच होतो. ‘परत घेतो, पण 1,000 रुपये कापून’ असे करू नये. वस्तूत ग्राहकाकडे नवा दोष आला असेल तर गोष्ट निराळी.

आता ग्राहकांनाही काही सांगणे प्राप्त आहे, कारण तराजूला दोन पारडी असतात. दोष दिसताच विनाविलंब कळवावे. दोष कळल्यानंतरही वस्तू आपली म्हणून वापरत राहिल्यास परतीचा अधिकार गमवावा लागतो. दोष सापडल्यावर ‘वस्तू ठेवतो, पण 2,000 रुपये परत द्या’ अशी सक्ती करता येत नाही. दोघांच्या राजीखुशीने तडजोड झाली तर हरकत नाही. सूरह अन-निसाच्या 29व्या आयतीत व्यापाराला परस्परांच्या संमतीची अट घातली आहे, ती दोघांनाही बांधते. आणि लॅपटॉपमधील चांगला भाग काढून, जुना बसवून तो ‘सदोष’ म्हणून परत पाठविणे ही तर उघड चोरी आहे.

व्यवहारात काही खबरदारी घेतली तर तंटेच उद्भवत नाहीत. विकण्यापूर्वी दोषांची यादी लेखी द्यावी : बॅटरी किती वेळ टिकते, बिजागरी सैल आहे का, कोणता भाग बदलला आहे. लॅपटॉपवरील अनुक्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे परत आलेली वस्तू तीच आहे, याची खात्री पटते. तपासणीसाठी तीन दिवसांची मुदत आपण होऊन द्यावी; अशी अट ठेवणे शरीअतसंमत आहे. आपली छायाचित्रे व कागदपत्रे लॅपटॉपमधून पुसून टाकावीत. आणि परत आलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राहकाचे काही राहिले असेल तर ती अमानत समजून न पाहता पुसावे. परताव्याच्या निमित्ताने फसविणारेही आहेत. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक टाकावा लागत नाही, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

माझी हकीकत अर्धी राहिली. मकतब सुटल्यावर मी त्या गृहस्थांना फोन केला, दोष मला माहीत होता हे सांगितले आणि क्षमा मागितली. अडचण अशी की, 10,000 रुपये मुलीच्या शाळेच्या शुल्कात गेले होते. हातात होते ते 4,500 रुपये त्याच वेळी पाठविले, 5,000 मेहुण्यांकडून घेऊन दिले आणि उरलेल्या 5,000 रुपयांसाठी पगारापर्यंतची सवलत मागितली. सूरह अल-बकराच्या 280व्या आयतीत अडचणीतील ऋणकोला सवलत देण्याची शिकवण आहे. ती मी अनेकांना समजावून सांगितली होती; माझ्यावर तिचा अंमल केला तो त्या गृहस्थांनी. उरलेली रक्कम येण्याची वाट न पाहताच त्यांनी लॅपटॉप पाठवून दिला. येण्या-जाण्याचा पार्सलखर्च मी दिला. दुरुस्तीला 800 रुपये लागले. कारागीर म्हणाला की, तापणे कमी होईल, पण दीर्घ कामात तो बंद पडू शकतो. हेच शब्द नव्या जाहिरातीत लिहिले आणि तो 11,000 रुपयांना विकला गेला.

हिशेब केला तर कित्येक हजारांचे नुकसान दिसते. परंतु इमाम अबू हनीफा (रह.) यांच्याविषयी असे सांगतात की, त्यांच्या भागीदाराने एका कापडाचा दोष सांगायचे विसरून ते विकले, ग्राहक कोण हे आठवेना, तेव्हा इमामसाहेबांनी ती सर्व रक्कम सदका करून टाकली. त्यांनी तो तोटा मानला नाही. मीही का मानावा? ती वरची रक्कम माझी नव्हतीच; काही दिवस माझ्या घरात राहिली, एवढेच. विक्रेता आणि ग्राहक खरे बोलले व त्यांनी दोष उघड केले तर सौद्यात बरकत येते, लपविले तर ती पुसली जाते, असे हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. बरकत गेलेल्या पैशातून मुलीचे शुल्क भरण्यापेक्षा कर्ज काढून भरलेले बरे.

आपणांपैकी कोणाच्या मोबाईलमध्ये असा एखादा अनुत्तरित निरोप पडून असेल, तर हे पान मिटण्याआधी तो उघडावा. अल्लाह आपल्या कमाईत सत्य आणि बरकत देवो, आपल्या लपविलेल्या चुका सुधारण्याची तौफीक देवो आणि ज्या दिवशी आपल्यापाशी परत देण्यासारखे काहीच नसेल, त्या दिवशी आपल्याला आपल्या कृपेने स्वीकारो. आमीन.