पडदा वाकडा, श्वास अडलेला



आजचं चिंतन गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या २७व्या श्लोकावर. ध्यानाला बसलेल्या माणसाचं वर्णन करता करता भगवंत अगदी नाकापर्यंत येतात. नाकाच्या आत फिरणारे प्राण आणि अपान त्याने सम केलेले असतात, असं सांगतात.

आता ज्याच्या नाकाचा पडदाच वाकडा आहे, त्याने काय करायचं? एका तरुण साधकाने हेच विचारलंय. डॉक्टरांनी सेप्टोप्लास्टी सांगितली आहे. घरचे म्हणतात, "अनुलोम-विलोम नीट कर, श्रद्धा ठेव, नाक आपोआप मोकळं होईल." हा रात्रभर तोंडाने श्वास घेतो, सकाळी घसा कोरडा, जपाला बसला की पाच मिनिटांत गुदमरतो. वर मनात सल, की माझीच साधना कमी पडतेय.

नाही रे मित्रा. दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा असतो. सर्दीची, ॲलर्जीची सूज औषधाने उतरते. वाकलेला पडदा प्राणायामाने सरळ होत नाही. चांगल्या नाकातही काही तास एक बाजू जास्त चालते, मग दुसरी. स्वरयोगाने हे कधीच टिपलंय. पण पडदा वाकडा असताना मोकळ्या बाजूची पाळी संपली, की दोन्ही दारं बंद! (थोडा वाकडा पडदा पुष्कळांचा असतो. त्रास नसेल तर ऑपरेशन लागत नाही.)

आणि श्रद्धेचं म्हणाल, तर सतरावा अध्याय उघडा. शरीराला छळणाऱ्या घोर तपाला भगवंत सरळ आसुरी म्हणतात. त्या शरीरात मी आहे, छळ माझाही होतो, असं त्यांचं म्हणणं. मग उपाय हाताशी असताना वर्षानुवर्षं गुदमरत राहणं कुठल्या साधनेत बसतं?

ऑपरेशन बहुधा नाकपुडीच्या आतूनच होतं, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. नंतर काही दिवस नाक सुजून आधीपेक्षा जास्त बंद वाटेल, तेव्हा घाबरू नकोस. नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही. कपालभाती, भस्त्रिका डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. ते मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतील तेवढंच. आपल्या मनाने जलनेती नको. एकादशी आली तर उपासाचंही त्यांनाच विचार, औषधं पोटात जायची असतात.

तेवढे दिवस तोंडाने श्वास आणि मनात नाम. नामाला नाकपुडी लागत नाही.

तारीख ठरली की कळव. त्या सकाळी आपण सगळे तुझ्यासाठी एक माळ करू.