हौसेला मोल असते

‘हौसेला मोल नसते’ असे आपल्याकडे दोन प्रकारची माणसे म्हणतात. खर्च करून बसलेला गृहस्थ आणि खर्च करायला लावणारा दुकानदार. या म्हणीने एकाची हिशेब देण्यातून सुटका होते आणि दुसऱ्याला भाव उतरवावा लागत नाही. पण मेळ्याहून परतल्यावर, पोरे झोपली की घरात जो प्रश्न उभा राहतो, तो अशा म्हणीने मिटत नाही. एका दिवसासाठी एवढा पैसा घालवणे बरोबर होते का?

मकरपुऱ्यातले एखादे चौघांचे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. कर्ता पुरुष जीआयडीसीतल्या कारखान्यात, हाती महिन्याचा मोजका पगार आणि आठवड्याची एक सुट्टी. मेळ्याला जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे आले, आत शिरायचे तिकीट आले, प्रत्येक पाळण्याचे वेगळे तिकीट आले. मग भेळ, बर्फाचा गोळा आणि घरी पोहोचेपर्यंत मोडणारे एक खेळणे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! ऋण काढून सण करू नये, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे खोटे नाही. तेवढ्या पैशांत मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय झाली असती, हेही खरे.

तरीही दुसरी बाजू उरतेच. मध्यमवर्गीय माणसाचे वर्षातले बहुतेक दिवस उद्यासाठी खर्ची पडतात. फी, घराचा हप्ता, लेकीचे लग्न, म्हातारपण. आजचा दिवस आजसाठी कधीच खर्चायचा नसेल, तर ही सगळी पुंजी कोणत्या दिवसासाठी साठवायची? आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास पायपीट करून आलेल्या वारकऱ्याला ‘हाती काय लागले?’ असे कोणी विचारत नाही. मेळा म्हणजे वारी नव्हे, हे कबूल. पण काही दिवस नफ्यातोट्याच्या वहीबाहेर ठेवावे लागतात, एवढे शहाणपण दोन्हीकडे सारखेच आहे.

तेव्हा मेळ्याचा दिवस किमतीचा आहे, असेच मी म्हणेन. मात्र त्याची किंमत कोण भरतो, हे पाहिल्याशिवाय तसे म्हणू नये. मौज एकाची आणि भरणा दुसऱ्याचा, असा प्रकार आपल्याच गावात होऊन गेला आहे. मकरपुऱ्याच्या ज्या राजवाड्यात आता वायुदलाचे प्रशिक्षण चालते, तो खंडेराव महाराजांच्या काळात, १८७० च्या सुमारास उभा राहिला. महाराज शिकारीचे, कुस्तीचे आणि हत्तींच्या साठमारीचे शौकीन. बघणाऱ्यांच्या वाट्याला थरार येई. त्याचे मोल चुकवी तो डिवचलेल्या हत्तीपुढे धावणारा माणूस, तो मुका हत्ती आणि सारा भरणारी रयत. पुढे १८७९ मध्ये सयाजीबाग, म्हणजे आपली कामाठी बाग झाली. तिच्यासाठी पैसा राज्याचाच गेला, पण तो आज जवळजवळ दीडशे वर्षे बडोद्याच्या लेकराबाळांना पुरतो आहे. दोन्ही खर्च हौसेचेच. पण दुसऱ्यात भरणाऱ्यालाही वाटा मिळाला.

घरातही हेच पाहावे. आकाशपाळण्याची भीती नेमकी आईलाच का वाटते? ‘तुम्ही बसा, मला चक्कर येते,’ असे ती म्हणते आणि चार तिकिटांची तीन होतात. आजीचे पाय त्याच दिवशी दुखू लागतात. थोरल्या मुलीची नजर खेळण्यावर खिळलेली असते, पण विचारले की ‘मला नको’ म्हणते. त्या दिवसाचा हिशेब खिशातल्या नोटांत मांडला जातो. या तिघींनी काय भरले, ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. असा दिवस स्वस्तात पडला असे वाटते, पण प्रत्यक्षात तो उधारीवर काढलेला असतो.

आणि काही मोल असे असते, की ते कोणाच्याच ऐपतीत बसत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या बडोद्यात हरणी तलावावर सहलीला आलेल्या मुलांची होडी उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत माणसे जास्त होती आणि सगळ्यांच्या अंगात जाकिटे नव्हती. त्याच वर्षी २५ मे रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागून २७ जण दगावले. तिथे त्या दिवसांत ९९ रुपयांत प्रवेश होता. अग्निशमन खात्याचा परवाना मात्र नव्हता. स्वस्त तिकीट म्हणजे अपघात, असे मला म्हणायचे नाही. महागड्या ठिकाणीही हयगय होते. पण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण पाळण्याचा पट्टा नीट लागला आहे का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे विचारत नाही. विचारायला संकोच वाटतो. त्या संकोचाचे मोल लेकरे भरतात.

आपण दोन भाषांत राहणारी माणसे. ‘शुं भाव?’ हे आपल्या तोंडी ‘काय भाव?’ इतकेच सहज येते. भाव या शब्दात दर आहे आणि मनाची ओढही आहे, मराठीत तसेच गुजरातीतही. मेळ्याच्या दारात दोन्ही अर्थ सांभाळावेत. वर्षातून एकदा जावे, कर्ज न काढता जावे. पैसे चौघांना पुरणार नसतील, तर तीन पाळण्यांऐवजी एकाच पाळण्यात बसावे, पण आईसकट सगळ्यांनी बसावे. आणि पट्टा सैल दिसला, तर काढलेले तिकीट हातात असतानाही रांगेतून बाहेर पडावे. पोरे रडतील, मागचे लोक हसतील, तिकिटाचे पैसे बुडतील. बुडू द्यावेत.