सांभाळ

एक बुलेट कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या सिलिंडरची, उजव्या पायाच्या गिअरची. दुसरी २००९ नंतरची, ॲल्युमिनियमच्या इंजिनाची, बटणावर सुरू होणारी. आणि दोन्ही चांगल्या अवस्थेत, जवळपास सारख्याच किमतीला मिळत असताना यांतली कोणती घ्यावी, हा प्रश्न परतवाडा-चिखलदऱ्याकडे मला अनेकांनी विचारला आहे. विचारणारा गाडीविषयी विचारतो, परंतु त्याच्या मनात खोलवर जी शंका असते ती वेगळीच असते: हिचा सांभाळ माझ्याच्याने होईल का? साधकहो, आज आपण या एका शब्दापाशी बसू. भगवंत आपला सांभाळ करतो ही आपली श्रद्धा आहेच, तिच्याविषयी येथे वाद नाही. ज्याचा सांभाळ होतो त्याने पुढे आपल्या हाती आलेल्या वस्तूचा सांभाळ कसा करावा, एवढेच पाहायचे आहे.

या दोन पिढ्या एकमेकींना परक्या नाहीत. इंग्लंडमधल्या रेडिच गावची ही मोटरसायकल १९५५ साली मद्रास मोटर्सशी झालेल्या भागीदारीतून आपल्या देशात रुजली, तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात घडू लागली, आणि पुढची पन्नासएक वर्षे तिचे इंजिन मूळ आखणीत तेच राहिले: सत्तर मिलिमीटरचा बोअर, नव्वदचा स्ट्रोक, ३४६ सीसी. २००८ मध्ये नवे इंजिन आले, ज्यात गिअरबॉक्स वेगळा न राहता इंजिनाच्याच कवचात सामावला आणि ज्याला लोक यूसीई म्हणतात. पण बोअर आणि स्ट्रोक मात्र तेच ठेवले गेले. देह पालटला, माप टिकले. (२०२० नंतरची ३४९ सीसीची तिसरी पिढी हा वेगळा विषय आहे.) मग बदलले काय? माझ्या समजुतीप्रमाणे, सांभाळाची वाटणी बदलली: जे चालवणाऱ्याच्या हाताने, कानाने आणि पायाने व्हायचे, त्यातले पुष्कळसे यंत्राने स्वतःकडे घेतले.

टॅपेटचेच पाहा. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची ढिलाई हाताने लावावी लागते, तीही इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन माथ्यावर आणून, अशी की पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरावा परंतु वर-खाली मुळीच हलू नये. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे ती मापाच्या पट्टीने सापडत नाही, सरावाच्या बोटांनाच सापडते. नव्या इंजिनात तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते आपली ढिलाई आपणच भरून काढतात. जुनी गाडी सुरू करण्याचेही तसेच. अँपिअर मीटरची सुई मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन माथ्यापलीकडे किंचित सरकवायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग पूर्ण पाय द्यायचा. घाई केली तर उलटी किक पायाला समज देते. परतवाड्याचे एक वयस्क मिस्त्री नव्या गिऱ्हाइकाला एवढेच सांगत, ‘भाऊ, तिले पायू नका, आयका.’ सांभाळाचा हा पहिला थर आहे, अवधान. जुनी गाडी मागते ते पैसे नंतरचे; आधी ती अवधान मागते, आणि ज्याच्यापाशी ते नाही त्याला ती बिघडलेली वाटते.

ही वाटणी काही बुलेटपुरती नाही. जर्मनीतल्या पोर्शे ९११ या वायुशीतित मोटारीचे चाहते आपसांत हाच वाद वर्षानुवर्षे घालत आले आहेत: ९६४ घ्यावी, जी १९८९ साली आली, की तिच्यामागून आलेली ९९३, जी १९९८ मध्ये थांबली आणि जिच्यासोबत वाऱ्याने थंड होणाऱ्या ९११ची परंपराच संपली. दोघींचे इंजिन ३.६ लिटरचे, सहा सिलिंडरचे. पण ९६४चे व्हॉल्व्ह ठरावीक अंतराने हाताने लावावे लागतात आणि ९९३ला हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ९६४ला पाच गिअर, ९९३ला सहा. ९९३ची मागची चाके नव्या सस्पेन्शनमुळे वळणात अधिक स्थिर. रेडिचच्या आखणीची आमची गाडी आणि श्टुटगार्टची ती मोटार यांच्या किमतीत आणि वेगात काही मेळ नाही, तरी नव्या पिढीने मालकाच्या हातून जे काम काढून घेतले ते दोन्हीकडे एकच निघाले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण त्यावरून कळते की निवडणाऱ्यापुढचा प्रश्नही दोन्हीकडे एकच आहे, आपल्याला किती सांभाळ करायचा आहे आणि किती करवून घ्यायचा आहे.

आता घाटाकडे येऊ, कारण वायुशीतित यंत्राची कसोटी सपाटीवर होत नाही. त्या मोटारीला निदान इंजिनावर फिरणारा पंखा आहे आणि तिचे तेलही बरीच उष्णता वाहून नेते. बुलेटला पंखा नाही. तिची गती हाच तिचा वारा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, तरी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने जाणारी बुलेट सहसा तक्रार करीत नाही, कारण हवा तापलेली असली तरी ती सिलिंडरच्या पात्यांवरून भरपूर वाहते. परतवाडा सोडून चढ लागला की उलटे होते: हवा गार होत जाते, पण दुसऱ्या गिअरमध्ये, मागे माणूस बसवून, थ्रॉटल भरून वीसच्या वेगाने चढताना इंजिन तापते पुष्कळ आणि वारा मिळतो थोडा. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवरच्या चिखलदऱ्यापर्यंत हे चालते. बीड उष्णता हळू सोडते, घरातला बिडाचा तवा चुलीवरून उतरवल्यावरही तापलेला राहतो तसे. आणि आतला पिस्टन ॲल्युमिनियमचा असल्याने तो सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो. तापण्याची मर्यादा ओलांडली की पिस्टन जाम होतो. नव्या पिढीचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे असल्याने ते उष्णता लवकर बाहेर टाकते आणि ही मर्यादा पुष्कळ दूर सरकते, तरी पुसली जात नाही. म्हणून घाटात सांभाळाचा दुसरा थर उलगडतो, आणि तो संयमाचा आहे: कुठे थांबावे, थांबल्यावर इंजिन चालू न ठेवता बंद करावे, कारण उभ्या गाडीला वारा नसतो, पुन्हा निघताना घाई करू नये, उतरताना ब्रेकवर सगळा भार न टाकता खालच्या गिअरचा आधार घ्यावा. ज्याने जुनी गाडी घेतली त्याला हा संयम शिकावाच लागतो. ज्याने नवी घेतली त्याला तो स्वेच्छेने पाळावा लागतो, आणि स्वेच्छेने पाळणे मला अधिक कठीण वाटते.

येथवर सांभाळ म्हणजे आपण गाडीचा करावयाचा, असेच आपण बोललो. परंतु गाडीही चालवणाऱ्याचा सांभाळ करीत असते, आणि पुष्कळ हौशी माणसे हा थर उलगडण्याआधीच पैसे मोजून मोकळी होतात. उजव्या गिअरच्या बुलेटचा मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. घरात दुसरी, डाव्या गिअरची मोटरसायकल असेल आणि मुलगा रोज तीच चालवीत असेल, तर श्रावणातल्या धुक्यात, देवी पॉइंटच्या वळणावर अचानक गुरे आडवी आली असता त्याचा उजवा पाय सवयीने खाली जाईल आणि तेथे ब्रेक नसेल, गिअरचा लिव्हर असेल. जुन्या बहुतेक गाड्यांना पुढेमागे ड्रमचे ब्रेक, क्लासिकसारख्या नव्या गाड्यांना पुढे डिस्क. मेळघाटात रस्त्यावर गवा उभा राहू शकतो. ज्याच्यावर लेकरांचा, म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळ आहे त्याने स्वतःचाही सांभाळ करणे हे त्याचे कर्तव्यच आहे, आणि अशा माणसाने नव्या पिढीकडे वळणे ही माझ्या मते निष्ठेतली उणीव नाही.

आणखी एक पदर. आपण घेतो ती कोणतीही जुनी गाडी कुणीतरी आधी सांभाळलेली असते. तिच्या टाकीवरच्या सोनेरी रेघांपेक्षा तिच्या तेलाचा रंग त्या माणसाविषयी अधिक खरे सांगतो. दसऱ्याला आपण सारे गाडी धुतो, झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो, आणि ते योग्यच आहे. पण अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन जी सेवा दाखवली ती सणापुरती नव्हती. साखळीला तेल देणे, इग्निशनचे पॉइंट साफ करणे, क्लचची केबल तुटण्याआधी बदलणे, ही त्याच जातीची नित्यसेवा आहे. केवळ दारात शोभावी म्हणून जुनी बुलेट घेऊन तिला ताडपत्रीखाली ठेवणाऱ्याविषयी मला मनापासून खंत वाटते. उभ्या गाडीचे रबर आधी मरते, मग कार्ब्युरेटर, आणि मग हौस.

तेव्हा माझा निर्णय असा. गाडी रोजच्या नोकरीसाठी हवी असेल, घरातले एकाहून अधिक जण ती चालवणार असतील, किंवा मागे कुटुंब बसणार असेल, तर निःशंकपणे २००९ नंतरची घ्यावी. गाडी एकट्याची असेल, टॅपेट स्वतः लावायला शिकण्याची इच्छा असेल आणि आठवड्यातली एक सकाळ तिला देता येणार असेल, तर कास्ट आयर्नच घ्यावी, आणि घेतल्यावर नव्या गाडीकडे वळून पाहू नये. कोणतीही घेतली तरी व्यवहार करण्याआधी विकणाऱ्याला मागे बसवून ती एकदा परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत चढवा, वर पोहोचल्यावर इंजिन बंद करा, पंधरा मिनिटे थांबा, आणि पुन्हा सुरू करून पाहा.