न आठवणाऱ्या कर्माचे कर्तेपण : ‘एंजल हार्ट’ आणि प्रेक्षकाचा निवाडा

चित्रपटाविषयीचे प्रेक्षकाचे मत हे बहुधा अभिरुचीचे विधान मानले जाते. ‘आवडला’ अथवा ‘आवडला नाही’ यापलीकडे त्यात समीक्षकाने दखल घ्यावी असे काही नसते, असा समज रूढ आहे. परंतु काही कलाकृतींच्या बाबतीत प्रेक्षकांमधील मतभेद वस्तुतः नैतिक निवाड्याचे असतात. केवळ त्यांची भाषा अभिरुचीची असते. ॲलन पार्कर यांचा ‘एंजल हार्ट’ (१९८७) हा चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

विल्यम ह्योर्ट्सबर्ग यांच्या ‘फॉलिंग एंजल’ (१९७८) या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कथाकाळ १९५५ चा. न्यूयॉर्कमधील खाजगी गुप्तहेर हॅरी एंजल (मिकी रूर्क) याच्याकडे लुई सायफर (रॉबर्ट डी नीरो) हा गूढ, सधन गृहस्थ एक काम सोपवतो : करार मोडून नाहीसा झालेला गायक जॉनी फेव्हरिट याचा शोध. माग न्यू ऑर्लिन्सपर्यंत जातो. हॅरी ज्यांची चौकशी करतो ती माणसे एकामागून एक मारली जातात. अखेरीस उलगडते ते असे : सायफर हा सैतान आहे आणि हॅरी हाच जॉनी. कीर्तीसाठी आत्मा विकलेल्या जॉनीने ते ऋण चुकवण्यासाठी एका तरुण सैनिकाचा बळी दिला, त्याचे हृदय भक्षण करून त्याची ओळख स्वतःकडे घेतली; पुढे युद्धातील आघाताने त्याची स्मृती गेली. वाटेत झालेले खूनही त्याच्याच हातून झाले आहेत, आणि ज्या तरुणीशी त्याचा संग झाला ती त्याचीच मुलगी आहे.

प्रदर्शनाच्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः या संगाच्या दृश्याची. अमेरिकेतील वर्गीकरण मंडळाच्या आक्षेपामुळे त्यातील सुमारे १० सेकंदांचा भाग कापावा लागला. त्यानंतर या चित्रपटाविषयी जी मते वारंवार व्यक्त होतात त्यांत तीन आक्षेप ठळक दिसतात. लुइझियानातील कृष्णवर्णीयांच्या व्हूडू या लोकधर्माला एका गोऱ्या माणसाच्या पापाची रक्तरंजित पार्श्वभूमी म्हणून वापरले आहे, हा पहिला. तो रास्त आहे. सैतानाशी केलेला करार हे मूळ युरोपीय, फाउस्टच्या परंपरेतील आशयसूत्र असताना भय मात्र व्हूडूच्या माथी मारले जाते. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दुसरा आक्षेप असा की, ‘लुई सायफर’ या नावात ‘ल्यूसिफर’ इतका उघड आहे की रहस्य आरंभीच फुटते. तिसरा नेमका उलट : शेवटी प्रेक्षकाची फसवणूक होते. एकाच कृतीवर रहस्य फुटल्याचा आणि रहस्य दडवल्याचा, असे दोन्ही आरोप व्हावेत, हे लक्षणीय आहे.

फसवणुकीच्या आरोपामागे रहस्यकथेची जुनी संकेतव्यवस्था आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. अतिमानुष शक्ती वर्ज्य आणि गुप्तहेराने स्वतः गुन्हा करता कामा नये, हे त्यांपैकी दोन. ‘एंजल हार्ट’ हे दोन्ही मोडतो. मात्र धागेदोरे तो दडवत नाही. आरसे, हॅरीला वाटणारी कोंबड्यांची घृणा, सायफरचे सूचक बोलणे हे सारे उघड्यावर आहे. पहिल्याच भेटीत नावाचा श्लेष ओळखणारा प्रेक्षकही शेवटी अस्वस्थ होतो, तेव्हा त्याचे दुखणे धागेदोऱ्यांचे नसावे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते सोबतीचे आहे. प्रेक्षक सतत हॅरीबरोबर होता. तरीही खुनाच्या क्षणी तो तेथे नव्हता. हॅरीला जे आठवत नाही ते चित्रपट दाखवत नाही. म्हणजे चित्रपटाची स्मृती ही हॅरीची स्मृती आहे. ‘आम्हाला फसवले’ ही प्रेक्षकाची तक्रार आणि आपण कोण हे आपल्याला ठाऊक आहे हा हॅरीचा अखेरचा आक्रोश, ही एकाच दाव्याची दोन रूपे होत. जे मी जाणत नाही ते माझे नव्हे, हा तो दावा.

हा दावा सामान्य नाही. जॉन लॉक यांनी आपल्या मानवी आकलनावरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१६९४) व्यक्तीची एकात्मता जाणिवेवर आधारली. ‘व्यक्ती’ ही त्यांच्या मते न्यायव्यवहाराची संज्ञा. जाणीव जेथवर पोहोचते तेथवरच कर्तेपण. माणसांच्या न्यायालयाला मने वाचता येत नसल्याने ते विस्मरणाची सबब मानत नाही. पण अंतिम निवाड्याच्या दिवशी, जेव्हा सर्व अंतःकरणे उघडी होतील, तेव्हा ज्याची जाणीवच नाही त्याबद्दल कोणाला उत्तर द्यावे लागणार नाही. लॉकच्या त्या न्यायालयात हॅरी सुटला असता. आता एक साधा प्रश्न विचारावा : जॉनी कोठे आहे हे सायफरला आरंभापासून ठाऊक आहे, मग गुप्तहेर नेमण्याचे प्रयोजन काय? उत्तर असे दिसते की, त्याला जॉनीचा ठावठिकाणा नको आहे; त्याला हॅरीची ओळख पटणे हवे आहे. अभिज्ञानावाचून ऋण वसूल होत नाही. सारा शोध ही आरोपीकडून नकळत घेतलेली जबानी आहे. लॉकचा नियम सैतानही पाळतो, आणि तोच नियम हॅरीच्या गळ्याचा फास होतो.

आपल्या परंपरेत कर्मविपाकाला स्मृतीची अट नाही. गतजन्मीचे काही न आठवताही फळ भोगावेच लागते. तरी कालिदासाला विस्मरणाचा आधार घ्यावासा वाटला. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत जाणूनबुजून शकुंतलेला नाकारतो. कालिदास त्या नकारावर दुर्वासाच्या शापाचे पांघरूण घालतो. विस्मरण बाहेरून आले म्हणून आस्वादक राजाला क्षमा करू शकतो. हॅरीच्या बाबतीत ही सोय नाही. युद्धातील आघात बाहेरचा खरा, परंतु दुसऱ्याच्या ओळखीत लपून स्वतःला नाहीसे करणे हा जॉनीचाच बेत होता. मद्यधुंद माणसाचे अज्ञान त्याला निर्दोष ठरवत नाही, कारण त्या अज्ञानाचा उगम त्याच्यातच असतो, हा ॲरिस्टॉटलचा विचार येथे लागू पडतो. विस्मरणालाही कर्ता असतो.

एवढ्यावर विवेचन थांबवता आले असते. परंतु ‘बिचारा हॅरी’ असे म्हणणारा प्रेक्षक एक गोष्ट सहसा ध्यानात घेत नाही. हॅरी एंजल हे त्या मारल्या गेलेल्या सैनिकाचे नाव आहे. त्याचा चेहरा, आवाज, घरची माणसे यांविषयी चित्रपट जवळजवळ काहीच सांगत नाही. मोहोरबंद कुंभात ठेवलेले त्याचे लष्करी ओळखपट्टे एवढीच त्याची खूण उरते. नायक दोषी की निर्दोष हा वाद आपण ज्या नावाने घालतो ते नावच चोरीचे आहे, आणि आपली सहानुभूती बळीच्या नावाने मारेकऱ्याला पोहोचते. प्रेक्षकाची फसवणूक झाली असेल तर ती येथे झाली आहे, आणि तिच्याबद्दल तक्रार मात्र क्वचितच ऐकू येते. स्मृतीवाचून कर्तेपण नाही, असे मानणाऱ्या न्यायाची मर्यादा यातून स्पष्ट होते : तो न्याय केवळ आठवणाऱ्याची चौकशी करतो. ज्याच्याजवळ आठवायला आयुष्यच उरले नाही, त्याच्या वतीने कोणी आठवायचे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.