यंत्र कोणासाठी चालू आहे?



राजेश मापुसकर यांचा ‘व्हेंटिलेटर’ हा मराठी चित्रपट २०१६ साली आला. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. गणपती तोंडावर आलेले आणि कामेरकरांचे गजूकाका मुंबईच्या रुग्णालयात कृत्रिम श्वासावर! सारा गोतावळा गोळा होतो. काकांची काळजी तर आहेच, पण ते आताच गेले तर सणाचे काय, हीही आहे.

आपण हसतो, कारण ही माणसे ओळखीची आहेत. आपल्या शेंदूरजनाघाटातून पेशंट नागपूरला हलवला की मागोमाग गाडी भरून माणसे निघतात. संत्र्याच्या बगिच्याचा सौदा तिथल्याच बाकावर फोनवरून होतो. त्यात वाईट काही नाही. दुःखातही माणूस आपले पोट आणि व्यवहार सोबत घेऊनच येतो.

हसू थांबते ते मुलापाशी. जितेंद्र जोशी यांनी रंगवलेल्या प्रसन्नाचे वडिलांशी पटत नव्हते, आणि आता यंत्राचा निर्णय त्याच्यापाशी येतो. ज्याचा राग निवळलेला नाही, त्याच्या ‘काढा’ म्हणण्यात राग किती आणि दया किती? ‘चालूच ठेवा’ म्हणणाऱ्याचेही तसेच. आम्हाला वाटते, पुष्कळदा ते यंत्र बापासाठी नसतेच. बोलायचे राहून गेलेल्या मुलाला थोडी मुदत हवी असते. त्या मुदतीची किंमत मात्र बापाचा देह मोजतो. नळ्या, सुया, जखमा.

पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांना सांगितले होते की, नेहमीचे उपचार देणे हे कर्तव्य आहे, असाधारण उपचारांची सक्ती नाही. जीव घेणे वेगळे आणि आजाऱ्याला केवळ जाचक ठरलेला उपचार थांबवणे वेगळे. शुश्रूषा, स्वच्छता, उशाशी बसणे हे तर शेवटपर्यंत चालूच राहते. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०१८ मध्ये अशा वेळेसाठी आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्यास मान्यता दिली.

पण लिहून ठेवायलाही घरात बोलावे लागते. आपल्याकडे ‘अभद्र बोलू नका’ म्हणून बापालाच गप्प बसवतात. आजाऱ्याच्या तैलाभ्यंगासाठी फादरांना बोलवायचे, तर ‘बाबा घाबरतील’ म्हणून शुद्ध हरपेपर्यंत थांबतात. तोवर बाबांची पापनिवेदनाची वेळ गेलेली असते, आणि अबोला धरलेल्या दोन भावांची बापाच्या डोळ्यांदेखत हातात हात देण्याचीही.