आत्याचं सुतक

पुण्यातलं खराडी नव्वदच्या दशकापर्यंत ग्रामपंचायतीचं गाव होतं. जुन्या घरांत कोणी गेलं की आजही चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागतो, दशक्रियेला प्रवचन होतं आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत भावकी उन्हात थांबते. आयटी पार्कच्या आसपास वसलेल्या सोसायट्यांत एवढी माणसं जमत नाहीत. पण एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच अडतो. मूलबाळ नसलेली किंवा मुलं परदेशी असलेली आत्या भाच्याकडे शेवटची वर्षं काढते आणि जाते. मग तिचं करायचं कोणी, आणि भाच्याने दुःख करायचं तरी किती? ‘वय झालं होतं’ म्हणून समजूत घातली जाते. ‘शेवटी ती दुसऱ्या घरची’ असंही कोणी हळूच म्हणतं. माझ्या मते शोकाचा हक्क नात्याच्या पायरीपेक्षा सहवासावर ठरतो, आणि असं म्हणायला परंपरा सोडावी लागत नाही.

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास लिहिलेला ‘धर्मसिंधु’ पाहा. सुतकाचा हिशेब महाराष्ट्रात अजूनही बऱ्याच अंशी त्यावरून होतो. आत्या किंवा मावशी वारली तर भाच्याला पक्षिणी, म्हणजे साधारण दीड दिवसाचं अशौच. दहा दिवसांच्या सुतकापुढे हे फारच तोकडं. पण ती भाच्याच्याच घरी वारली तर तीन दिवस. नातं तेच, गोत्र तेच. बदललं फक्त छप्पर, आणि सुतक दुप्पट झालं. यावर कोणी म्हणेल, हा विटाळाचा नियम आहे, मायेचा नव्हे. घरात मृत्यू झाला म्हणून दिवस वाढले. आक्षेप रास्त आहे. पण मामाच्या बाबतीत हाच ग्रंथ आणखी एक सवलत देतो: मामा ‘उपकारक’ असेल, तर तो आपल्या घरी वारलेला नसला तरी तीन दिवस. इथे विटाळाचा संबंध येत नाही. त्याने आपल्यासाठी काय केलं, हे शास्त्रकाराने मोजलं आहे. मामाला लावलेलं माप आत्याला का लावू नये, याला मला तरी पटेल असं कारण दिसत नाही.

‘अधिकार’ हा शब्द पुढे करणाऱ्यांनीही यादी शेवटपर्यंत वाचावी. श्राद्ध करणाऱ्यांचा क्रम मुलापासून सुरू होतो आणि नातलग संपल्यावर राजापर्यंत जातो. कोणीही मृत बेवारस राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. पितृपक्षातल्या तर्पणात आईवडील, आजेपणजे यांच्यानंतर काका, मामा, आत्या, मावशी, बहीण येतात आणि गुरू, शिष्य, आप्तही येतात. मेलेल्याला काही पोचत नाही, हा चार्वाकांचा जुना टोमणा. इथलं अन्न तिथे पोचत असेल तर प्रवाशाने शिदोरी कशाला बांधावी? त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. पोचत नाही असंच धरून चालू. तरीही मृत्युपत्र करणाऱ्याला काही कळणार नसताना आपण त्याचा शब्द पाळतोच. घेणारा उरला नाही म्हणून देणं फिटत नाही. ज्यांना भटाकडून विधी नकोत त्यांच्यासाठी याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि भटाविना विधींची वाट दाखवली. तेव्हा प्रश्न पिंडाचा नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. गुरुजी तर्पणात आत्याचं नाव आणि गोत्र विचारतात, आणि यजमान खिशातून मोबाइल काढून चुलतभावाला फोन लावतो. गोत्र सासरचं, ते ठाऊक नसतं. ते कळलं नाही तर ‘काश्यप’ म्हणून निभावतं. नावाला मात्र असा तोडगा नाही. घरात ती अक्का किंवा बेबीआत्या; लग्नात नाव बदललेलं; माहेरचं नाव जाणणारी पिढी गेलेली. यादीत जागा आहे, पण त्या जागी कोणाला बसवायचं हेच भाच्याला माहीत नाही. आणि ही तीच बाई, जिने बारशाला पाळण्यात वाकून त्याच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं, त्याचं नाव सांगितलं आणि त्याबद्दल पाठीत धपाटे खाल्ले. अशा माणसाबद्दल सुतक दीड दिवसाचं की तीन, हा वाद घालण्याआधी तिची ओळख तरी आपल्याकडे असायला हवी: ती किती शिकली, शिक्षण का सुटलं, कोणाच्या बाळंतपणाला किती महिने राहिली, कोणाच्या फीसाठी पाटल्या मोडल्या. नुसत्या ‘फार प्रेमळ होत्या’ने त्यातलं काहीच सांगितलं जात नाही. घरात आत्या-मावशी असेल तर पितृपक्षाची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच तिला तिचं माहेरचं नाव विचारा आणि लिहून ठेवा.